रोडग्यांचा केक

ज्योतीवहिनीच्या हातांना दुपारी व्हॅनिलाचा वास येतो आणि संध्याकाळी हिंगाच्या फोडणीचा. पौषातलं उबदार ऊन सिंदी मेघेतल्या तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उतरतं, तेव्हा ती कोपरापर्यंत पिठीसाखर माखून फिरत्या पाटावर केक सजवत असते. शेजारणी तिच्याकडून गमतीचे केक करवून घेतात. कुणाचा नवरा घोरतो म्हणून पलंगाचा, कुणाच्या सासूचा जीव मिक्सरात अडकलेला म्हणून मिक्सरचा. लोकांना हसवणारी ही बाई काम करताना मात्र इतकी गंभीर असते, की तिच्याशी बोलायलाही संकोच वाटावा.

त्या वर्षी बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, म्हणून मी माहेरी आले होते. बाबांची स्मृती तेव्हा उतरणीला लागली होती. पवनारचं शेत, धाम नदीचा काठ, बैलांची नावं असं जुनं सगळं शाबूत होतं. पण जिच्या हातचं रोज जेवायचे, त्या सुनेचं नाव हरवलं होतं. परक्या घरी म्हणावं तसं ते तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. तिला ते लागत असणारच, तरी हाक आली की पदराला हात पुशीत जायची.

पवनारात रोडगे म्हणजे बाबा, असं समीकरणच होतं. बेत कुणाच्याही शेतात असो, गोवऱ्यांचा विस्तव बाबांनीच लावायचा आणि कणकेचे गोळे निखाऱ्यांत त्यांनीच परतायचे. दुसऱ्या कुणी हात लावला तर ते दिवसभर फुरंगटून बसत. त्यांच्या याच ऐटीची थोडी थट्टा करावी, म्हणून वहिनीनं रोडग्यांचा केक करायला घेतला.

“त्यायले हासू आलं पायजे, ताई. बाकी कोणी हासो का नाई हासो,” ती म्हणाली.

दोन दिवस ती त्यात बुडून गेली होती. चॉकलेट-केकच्या गोवऱ्या थापून तिनं त्यांवर स्वतःची पाच बोटं उमटवली, बिस्किटांच्या चुऱ्याची राख भुरभुरली आणि त्या राखेत व्हॅनिलाचे गोल रोडगे बसवले. रोडग्याला भेग कुठे पडते, जळका डाग कोणत्या अंगाला येतो, हे तिनं काही ना काही निमित्त काढून बाबांनाच विचारलं होतं, आणि बाबा तासभर सांगत बसले होते. शेवटचा डाग देताना तिनं श्वास रोखला होता, तो ब्रश खाली ठेवल्यावरच सोडला.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. केक बाबांपुढे आला, दादानं त्यांच्या हाती सुरी दिली. बाबांनी आधी सुरीकडे आणि मग दादाकडे पाहिलं.

“रोडगा सुरीनं कापतेत का बे?”

सुरी बाजूला सारून त्यांनी एक रोडगा उचलला, दोन्ही तळव्यांत दाबून ताटात फोडला, आणि जेवणासाठी मांडून ठेवलेल्या पातेल्यातलं वरण पळीनं त्यावर ओतलं. वर तूपही घेतलं. माणसांची हसून मुरकुंडी वळली. मीही हसले, माझ्या हातात तर मोबाइल होता, मी ते सगळं टिपत होते.

“बाबा, केक हाये तो!” दादा हसत ओरडला.

बाबांचा हात थांबला. ते एकेका चेहऱ्याकडे पाहू लागले. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं होतं. काय, ते कळत नव्हतं. स्वतःच्याच वाढदिवशी, स्वतःच्याच घरात माझे वडील अपराध्यासारखे बसले होते.

तेवढ्यात वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिनं दुसरा रोडगा घेतला, तसाच तळव्यांत फोडला, त्यावर वरण ओतलं, तूप घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. दोन दिवसांची मेहनत पिवळ्या वरणात विरघळत होती आणि तिचा चेहरा जरासुद्धा हलला नव्हता.

“हासून काऊन राह्यले सारे? रोडग्याले वरण लागतेच,” ती म्हणाली. “जेवा, बाबा.”

हसणं थांबलं. मी मोबाइल खाली ठेवला. मला माझीच लाज वाटली. मग मीही ताट घेतलं. गोड केक, हिंग आणि हळद यांचा तो घास गिळवत नव्हता, तरी मी गिळला. बाबा मात्र सावकाश, चवीनं जेवले. शेवटी वहिनीकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, “आतून कच्चा राह्यला, बाई. पयल्या खेपेले होते असं.”

“पुढच्या खेपेले तुमीच इस्तो लावून देजा,” ती म्हणाली.

“देतो ना,” बाबा म्हणाले, आणि हसले.

पुढची खेप काही आली नाही. त्याच वर्षी आषाढात बाबा गेले, तोवर ते तिला ‘बाई’च म्हणत होते. लोक भेटायला आले, मुलगी म्हणून माझ्याच गळ्यात पडून रडले. पण बाबा काही एका दिवसात गेले नव्हते. ते कितीतरी दिवस थोडे थोडे जात होते, आणि त्या जाण्यात त्यांच्या सोबतीला कोण होतं असं कुणी विचारलं, तर मला माझं नाव सांगता येत नाही.