उयोमाच्या लेकीची अडखळी

सुई टेकवलीत म्हणून बोलते. एरवी मी आपली पुठ्ठ्याच्या पाकिटात गपगुमान पडून असते. काळी, गोल, मधोमध भोक, पोटात आठ गाणी. कुणी रेकॉर्ड म्हणतं, कुणी तबकडी. सरोवराकाठी, किसुमूजवळच्या डुंगा किनाऱ्यावर मात्र मला ‘अडखळी’ म्हणतात. मला राग नाही. अंगावर चीर आहे ती आहे.

जन्म माझा नैरोबीच्या कारखान्यातला. काळा गोळा तापवला, दोन साच्यांत दाबला, झाले मी! गाणी होमा बे गावच्या पोरांची. दोन गिटार, एक ढोल, आणि गळा असा की गाईने रवंथ थांबवून ऐकावं.

पिलिस्टाच्या भावाने मला विकत घेतलं आणि लग्नात तिच्या हातात दिलं. म्हणाला, “भांडी फुटतील, कापड विरेल. ही ऐकत जा.” तेव्हा मी तिच्या माहेरची. उयोमाहून तिच्यासोबत बोटीतून आले, तिच्या मांडीवर बसून. तिचा नवरा ओगोला, कोळी माणूस, मला रुमालाने पुसायचा. स्वतःचं तोंड इतक्या मायेने कधी पुसलं नाही त्याने!

मग आलं थोरल्या लेकीचं बारसं. अंगणभर माणसं, मी गरगर फिरतेय, आणि कढईत जायची ती कोंबडी सुटली. पळापळीत नेमकी माझ्यावर. दोन गिरक्या घेतल्या आणि जाता जाता तिसऱ्या गाण्यावर नख ओढून गेली. ते गाणं आहे, ‘सांग तिला, होडी आली.’ तेव्हापासून सुई तिथे अडकते आणि मी म्हणत राहते, “सांग… सांग… सांग…” कुणीतरी बोटाने टिचकी मारीपर्यंत.

पिलिस्टा आता किनाऱ्यावर मासे तळते. रविवारी प्रार्थना आटोपली की तिच्या पत्र्याच्या शेडखाली जो तो आपली रेकॉर्ड काखेत मारून येतो. वाद एकच, जन्मात ऐकलेली सगळ्यांत थोर रेकॉर्ड कुठली? कुणाची काँगोची गिटार, कुणाची मोम्बासाकडची संथ गाणी. वाद मिटत नाही. मिटावा असं कुणाला वाटतही नाही, मासा गरम असेपर्यंत तर नाहीच.

होड्या बांधणारा ओबुरा, त्याच्याकडे माझीच जुळी बहीण. तीच आठ गाणी, पण अंगावर ओरखडा नाही. एका रविवारी तो सगळ्यांसमोर म्हणाला, “वहिनी, तुझी रेकॉर्ड लंगडी झाली. गरम पाण्यात बुडव, कडा वळव, झकास परात होईल. मासे तरी राहतील तिच्यात.”

सगळे खो खो हसले. ओगोलाही हसला, मग बायकोकडे बघून खोकला.

पिलिस्टाने झारा खाली ठेवला. “ठेव पाणी चुलीवर. दोघींचं तिसरं गाणं लावू. लोकांना आवडेल ती राहील, दुसरीची परात.”

“माझीसुद्धा?”

“का, घाबरलास?”

माझ्या तर पोटातली आठही गाणी गोठली.

आधी ओबुराची वाजली. काय तो आवाज, धुतल्यासारखा! गाणं सुरू झालं, सरळ गेलं, संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माशाचे काटे काढायला लागले.

मग मी. पातेल्यात पाणी खदखदत होतं. मी जीव तोडून गायले, आणि नेमकी त्याच जागी आले. “सांग… सांग… सांग…”

“अडकली! आणा पातेलं!” ओबुरा उठला.

“खबरदार हात लावशील तर!” पिलिस्टाने झारा उगारला. “अडकली नाही ती. विचारतेय.”

आमच्याकडे एक रीत आहे. गाणारा समोर बसलेला असला की कुणीही उठून ‘थांब!’ म्हणावं, गाणं थांबवावं आणि चारचौघांत स्वतःची थोरवी गावी. मग गाणं पुढे. पण रेकॉर्ड कुणासाठी थांबते? आणि पिलिस्टा तर कधीच उठली नव्हती. कढई कोण बघणार?

त्या दिवशी ती कढई सोडून पुढे आली. “सांगते!” म्हणाली. “मी पिलिस्टा, उयोमाची लेक! ज्या वाऱ्याने ओगोलाची होडी उलटवली, त्याला माझी चूल विझवता आली नाही! मी मासा कढईत सोडला की युगांडाच्या काठावरचे कोळी वल्ही टाकून वास घेतात! या माझ्या नवऱ्याला नाचता येत नव्हतं, मी शिकवलं. अजून येत नाही, पण त्यात माझा काय दोष?”

शेड हसून हसून हलली. मी खालून ताल धरलेला, “सांग… सांग… सांग…”

ओगोला उठला. “मी ओगोला! हिच्या तालावर नाचणारा एकटाच!” मग जाळी विणणारी म्हातारी उठली, मग तिची सून, मग सगळेच. मासे करपले तरी कुणी टिचकी मारीना. शेवटी ओबुरा उभा राहिला.

“मी ओबुरा! माझी होडी बुडत नाही, माझी रेकॉर्ड अडकत नाही, आणि आज दोन्हीचा काडीचा उपयोग झाला नाही!”

तेव्हा पिलिस्टाने टिचकी मारली. मी म्हटलं, “…तिला, होडी आली!” आणि वाळूत पायच पाय नाचले.

पातेल्यातल्या पाण्याचा चहा झाला. ओबुरा माझ्या जुळ्या बहिणीला छातीशी धरून बसला होता. पिलिस्टा म्हणाली, “घेऊन जा तुझी. हिची परात केली तर मासा घसरूनच पडेल, इतकी गुळगुळीत आहे!”

आता मी म्हातारी झाले. बाकीची गाणी खरखरतात. मध्यंतरी पिलिस्टाच्या नातीने आठही गाणी फोनवर आणली, स्वच्छ, निर्मळ. तिसरं लागलं. ओगोला काठी टेकत उठला, हात वर केला, तोंड उघडलं, तोवर गाणं पार पुढे निघून गेलेलं. त्याचा हात तसाच वर राहिला. नातीने फोन बंद केला आणि मला पाकिटातून काढलं.

म्हणून हात जोडून सांगते, माझी चीर बुजवायला जाऊ नका. दुसरं गाणं संपत आलंय. पुढच्यात मी थांबेन. कुणीतरी उठा, आणि लाजू नका.