पुढच्या वहाणेची उचल

टाचेच्या भेगेत मीठ गेलं आणि आग आग झाली, म्हणून बायजा कळव्याच्या मिठागरात टोपली टेकवून टाचेला चिंधी बांधायला बसली. एवढाच तिचा गुन्हा. मिठागराचे मालक विश्रामशेठ यांनी पायातली वहाण काढली आणि सगळ्या बायकांदेखत तिच्या कानशिलात हाणली. डावा कान तेव्हापासून कामातून गेला.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. फौजदारी कोर्टाने शेठला वीस रुपये दंड केला, तोही सरकारजमा झाला. कान गेला बायजाचा आणि पैसे मिळाले सरकारला! वर कोर्टाच्या पायरीवर शेठने दहाची नोट तिच्यापुढे टाकली. "ही पुढच्या वहाणेची उचल," तो म्हणाला. सोबतचे लोक खो खो हसले.

हंगामाआधी ज्याची उचल घेतली, त्याच्या कामाला माणूस बांधला गेला, असा मिठागरातला रिवाज. नवरा पंढरी दबक्या आवाजात म्हणाला, हात लावू नको. बायजाने नोट उचलली आणि कनवटीला लावली. पंढरी रागाने तिला मागे टाकून चालू लागला.

दुसऱ्याच दिवशी ती ठाण्याला सुधीर गुप्ते वकिलांकडे गेली. ते म्हणाले, दिवाणी दावा लावू, भरपाई तुमच्या हातात येईल. मारणाऱ्याचा माज सिद्ध झाला तर त्याला अद्दल घडावी म्हणून कोर्ट वेगळी रक्कमही लावतं. पण सिद्ध करणार कोण? हसणारे सगळे शेठचेच मिंधे.

"पैसं नको असं नाय," बायजा म्हणाली, "पन परत कुनावर हात उचलताना त्याला भीती वाटली पायजे."

दावा त्याच इमारतीतल्या दिवाणी कोर्टात उभा राहिला. शेठचा वकील म्हणाला, औषधाला बारा रुपये लागले, ते देऊन टाकतो. बाकी नुकसान कसलं? टोपली वाहायला कान लागत नाही. हे बायजाने उजव्या कानाने नीट ऐकलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. ही माणसं तिला माणसात धरतच नव्हती.

मग गुप्त्यांनी शेठला विचारलं, पुढच्या वहाणेची उचल म्हणून नोट दिली होती का? नाही म्हणायचं, असं त्याच्या वकिलाने त्याला पढवून आणलं होतं. पण चारचौघांत दिलेली उचल नाकारायची म्हणजे शेठपणाला बट्टा. तो छाती काढून म्हणाला, "दिली. बाईनं घेतली. आमच्यात उचल घेतली की माणूस बांधील. आता ही दावा कसला लावते?"

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे तिला पुन्हा मारायचा तुम्हाला हक्क आहे?"

"रिवाज तसाच आहे, साहेब."

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

निकाल लागला. औषधाचे बारा, कानाचे दीडशे आणि वर पाचशे, निव्वळ या मस्तीबद्दल. शेठचं तोंड एवढंसं झालं.

पैशाने कान परत येणार नव्हता, आणि बायजाचा राग तसूभरही ओसरला नव्हता. त्याच पायरीवर ती शेठच्या आडवी उभी राहिली. कनवटीची नोट तिने फेकली नाही, त्याच्या हातात ठेवली.

"तुमची उचल परत घ्या, शेठ. त्या कामाला मी येनार नाय."

या वेळी कोणी हसलं नाही.