कटानाच्या मागच्या पेट्या

रोहेंदी गॅरेजात पहिल्यांदा आला तेव्हाच तो मला खटकला. चिविदेय गावच्या चहामळ्यांखाली आमचं गॅरेज. जीप उंच करून चिखलात उड्या मारणारे हौशी लोक आमच्याकडे येतात. सगळे बडबडे. रंग कुठला, टायर केवढे, क्लबचा शिक्का कुठं, हे सांगता सांगता माझ्या हातचं आल्याचं बांद्रेक दोनदा मागून पितात. हा मात्र पेला हातात धरून आधी चारी बाजूंना बघत राहिला. दाराशी पिंजऱ्यात टांगलेल्या आमच्या बुलबुलाकडे तर जास्तच.

त्याची कटाना जीप जुनी, राखाडी. दिसायला जिमनीची बहीण, पण जोर फक्त मागच्या चाकांना.

"पुढच्या चाकांनाही जोर पाहिजे," तो माझ्या नवऱ्याला, ओयोनला म्हणाला. "मुंगीच्या पावलानं चढली तरी चालेल, पण चढली पाहिजे. मात्र बाहेरून कुणाला काही कळता कामा नये. मोठे टायर नकोत, आवाज नको."

"थोडी उंच तर करावीच लागेल, कांग. नाहीतर दगडावर पोट घासेल."

"करा. पण स्प्रिंगचे पाटे मऊ हवेत. मागे धक्का म्हणून बसायला नको."

"मागे काय नेणार?" मी विचारलं.

"कोबी, तेह." इकडे ताईला तेह म्हणतात, दादाला कांग.

"अगं बाई! कोबीला कधीपासून कंबरदुखी?"

ओयोन हसला. रोहेंदी हसला नाही.

ओयोननं एका मोडीतल्या जिमनीचा पुढचा ॲक्सल आणि गिअरची दुसरी पेटी मिळवली. त्या पेटीत आणखी धीमे गिअर बसवले. पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर चढवले, तशी गाडी वीतभर उंच झाली. पण मागचा शाफ्ट तिरका पडून थरथरायला लागला. मग त्यानं पाचर ठोकून ॲक्सलचं तोंड जरा वर फिरवलं, तेव्हा थरथर गेली. मागचा एकेक पाटाही कमी केला. काम जमलं की हा माणूस शीळ घालतो. तो शीळ घालत होता आणि माझ्या डोक्यात किडा वळवळत होता.

मध्येच रोहेंदी नवी मागणी घेऊन आला. मागच्या पत्र्याला खाली झरोके पाडायचे आणि आतून बारीक जाळी लावायची.

"कोबी गुदमरतो वाटतं," मी म्हणाले.

"तेह, तुम्ही फार विचारता."

"आणि तुम्ही फार कमी सांगता."

तो गेल्यावर झाडताना सीटखाली एक डबा सापडला. उघडला तर आत मुंग्यांची अंडी. माझे वडील पक्षी पाळायचे; हा चारा मी ओळखणार नाही तर कोण? इथं पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा लागतात आणि त्यांच्यापायी लोकांनी डोंगरच्या डोंगर मुके केलेत. आता सगळं जुळलं. मऊ पाटे, झरोके, आवाज नको. हा जाळी लावून पक्षी उतरवणार, तेही आमच्या हातच्या गाडीतून!

"पक्षीचोर आहे तो," मी ओयोनला म्हणाले.

"मी गाडीचं पोट बघतो. गिऱ्हाइकाच्या पोटात शिरत नाही."

"उद्या वनखात्याचे लोक दारात आले म्हणजे शिराल!"

तो पुन्हा गाडीखाली शिरला. त्याच्याही मनात पाल चुकचुकली होती, फक्त कबूल करत नव्हता.

वाटेत काही बिघडलं तर ओयोन हवा, म्हणून त्याला सोबत घेऊन गाडी चढावर नेऊन बघायची ठरली, तेव्हा मीही निघाले. रोहेंदीच्या कपाळाला आठी पडली. "तेह कशाला?"

"माझ्या नवऱ्याला मी परक्या माणसाबरोबर एकट्याला डोंगरात पाठवत नाही."

आदल्या संध्याकाळी नेलेली गाडी घेऊन तो पहाटे आला तेव्हा मागे काळ्या कापडात गुंडाळलेल्या पेट्या होत्या. आतून खुडखुड ऐकू येत होती. मी चक्रावले. चोर रिकामा चढतो आणि भरून उतरतो. हा भरूनच निघाला होता.

मळा संपला, लाल चिखल लागला. ओयोननं धीमा गिअर टाकला आणि कटाना घोरपडीसारखी चिकटून चढू लागली. एका घळीत पुढचं चाक अधांतरी झालं, तरी मागच्या पेट्या जेमतेम डुलल्या. रोहेंदी रस्ता बघतच नव्हता. त्याची नजर सारखी आरशात, मागे कुणी येतंय का.

वर गर्द झाडीत जाळीची एक मोठी खोली होती.

"हा बघा पिंजरा!" मी ओयोनला कोपरानं ढोसलं.

रोहेंदीनं पेट्या उघडून पानांच्या रंगाचे पक्षी त्या जाळीच्या अलीकडच्या भागात सोडले. मग मधला जाळीचा पडदा नीट लागलाय ना बघून पलीकडच्या भागाचं बाहेरचं दार सताड उघडलं. तिकडचे पक्षी आधी आणलेले होते. ते हललेच नाहीत. बऱ्याच वेळानं एक उंबऱ्यावर येऊन बसला, मान वाकडी केली, आणि गेला. मग बाकीचे गेले.

"बाजारात चोरट्यांकडून सोडवलेले," रोहेंदी हळूच म्हणाला. "इथं महिनाभर ठेवतो, पंखांत जोर आला की सोडतो. कुठं सोडतो हे कळलं, तर पक्षी धरणारे जाळीवाले दुसऱ्या दिवशी हजर."

"मग आम्हाला आधीच का नाही सांगितलंत?"

"तुमच्या दाराशी बुलबुल टांगलाय, तेह. तुम्ही कुणाच्या बाजूच्या, मला काय माहीत?"

मला लाज वाटली आणि रागही आला. मी त्याला चोर ठरवत होते, तेव्हा तो मला चोराची बहीण ठरवत होता. बुलबुल वडिलांच्या हातचा, आता म्हातारा. सोडला तर मांजरच खाईल. पण उतरताना हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पुढच्या आठवड्यात मोटरसायकलवर दोघं आले. चकचकीत जाकिटं, गोड जिभा.

"कांग, ती राखाडी कटाना तुम्हीच केलीत ना? झकास काम! कुठल्या वाटेनं चढते हो ती?"

"रोज किती गाड्या येतात," ओयोन पाना पुसत म्हणाला. "कोण लक्षात ठेवणार?"

"आणि तेह, तुम्ही?"

"मला गाड्यांतलं काही कळत नाही बाबा."

ते बांद्रेक न पिताच गेले. ते कुठं वळतात ते ओयोननं दारात जाऊन बघितलं.

"जाळीवाले असतील," तो म्हणाला.

"किंवा रोहेंदीनंच पाठवले असतील. आपलं तोंड किती घट्ट आहे ते बघायला."

नंतर रोहेंदी ग्रीस भरून घ्यायला आला, पैसे दिले, हसून बोललाही. त्या दोघांबद्दल त्यानं काही विचारलं नाही, आणि आम्हीही काही सांगितलं नाही.