तोंडावर न बोलणारं घर

सुलूच्या घरात कुणी कुणाला तोंडावर टाकून बोलत नसे. ही शिस्त तिचीच. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ लवू इतका लहान होता की त्याला स्वतःच्या हाताने जेवताही येत नव्हतं. त्याला वाढवताना तिने कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. लवूने शेजाऱ्यांचे पेरू पळवले, की दिवेलागणीला ती सुरू करायची, "एक मुलगा होता..." गोष्टीतला मुलगा पेरू पळवायचा आणि मग त्याला तो गोड लागेना. ऐकता ऐकता लवूची मान खाली जायची. सकाळी तो आपल्या पायाने जाऊन माफी मागून यायचा.

या सगळ्यात सुलूचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. लवूला भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम लागलं, तशी तीही रत्नागिरीकडचं घर बंद करून त्याच्यामागे पेणकरपाड्यातल्या चाळीत आली. पुढे लवूची बायको सुगंधा आली. तिच्या खारट आमटीचीसुद्धा सुलूने एका राणीची गोष्ट केली, आणि सुगंधा पोट धरून हसली. आता लवूची मुलगी, आठ वर्षांची स्नेहल, रोज संध्याकाळी आत्याला टेकून बसायची. चाळीतली पोरं गोष्ट ऐकायला जमायची. शेजारच्या गुजराती बाईंची दोन मुलं तर अर्धं समजून पूर्ण ऐकायची.

त्या वर्षी लवूने मीरा रोडला फ्लॅट घेतला. वन रूम किचन. ताईला दाखवायला नेलं तेव्हा भिंतींचं प्लॅस्टर ओलं होतं. सुलूने किचनच्या खिडकीखाली मनातल्या मनात आपली खाट टाकूनसुद्धा घेतली.

"इथे माझं छान होईल रे," ती म्हणाली.

"हो हो," म्हणत लवू नळ बघायला गेला. नळाला अजून पाणीसुद्धा आलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या मनात तेव्हाच काहीतरी आलं असतं. पण पोटच्या पोरासारख्या भावावर संशय घ्यायला सुलू कुठून शिकणार?

सामानाची बांधाबांध सुरू झाली. सुलूच्या ट्रंकेला मात्र कुणी हात लावेना. "ती शेवटी बघू, वन्सं," एवढंच सुगंधा म्हणाली.

एका संध्याकाळी स्नेहल म्हणाली, "आत्या, आज गोष्ट मी सांगणार." सुलूला कोण आनंद झाला. तिने पोरांना गप्प बसवलं.

"एक आत्या होती," स्नेहलने सुरुवात केली. "तिचं मन खूप मोठं होतं. तिच्या भावाने नवीन घर घेतलं, पण ते होतं लहान. भावाला बिचाऱ्याला काही बोलता येईना. मग आत्या स्वतःहून म्हणाली, मी गावाला जाते. तिकडचं घर बंद पडलंय, तिथे दिवा लावायला आपलं माणूस हवं. मग सगळे म्हणाले, अशी आत्या सगळ्यांना मिळो."

गावच्या बंद घरात दिवा लावायला आपलं माणूस हवं. हे काही आठ वर्षांच्या पोरीचं बोलणं नव्हतं.

"कुणी शिकवली गं ही गोष्ट?"

"बाबांनी. किती दिवस पाठ करून घेत होते. बरोबर सांगितली ना?"

"बरोबर सांगितलीस," सुलू म्हणाली. पोरीचा काय दोष? पण तिच्या काळजाला घरं पडली. लवूने जागा नाही म्हणून स्पष्ट सांगितलं असतं, तर तिने ते सोसलं असतं. कुणाचं मन दुखू नये म्हणून तिने जन्मभर जी रीत सांभाळली, तीच पुढे करून तो तिच्या नजरेला नजर देणं टाळू पाहत होता, आणि तेही लेकरू पुढे करून.

ती आत गेली. लवू बांधून झालेलं बोचकं पुन्हा बांधत होता.

"लवू, इकडे बघ. काय ते मला तोंडावर सांग."

सुगंधाने स्टोव्ह बंद केला. लवू वर न बघता म्हणाला, "ताई, तोंडावर बोलायचं नाही हे तूच शिकवलंस ना? तुला वाईट वाटू नये म्हणूनच..."

"मी तुला चूक कबूल करायला शिकवलं. माणूस घालवायला नाही."

"जागाच नाहीये गं," तो पुटपुटला. "स्नेहलच्या अभ्यासाचं पण बघायला हवं."

"एवढंच बोलायचं होतंस रे."

दारात स्नेहल येऊन उभी होती. "आत्या, तू खरंच गावाला जाणारेस?"

"हो."

"स्वतःहून?"

आता मात्र लवूने वर बघितलं. त्याला तिच्याकडून एक 'हो' हवं होतं. आजवर त्याने जे जे मागितलं ते तिने दिलं होतं, तसंच हेही देईल असं त्याला वाटत होतं.

सुलूने स्नेहलला जवळ घेतलं. "नाही गं बाळा. बाबांना मी नकोय, म्हणून जातेय. कुणाला गोष्ट सांगशील तर अशी सांग."

मग तिने ट्रंक पुढे ओढली आणि आपल्या साड्या भरायला घेतल्या. तिला मदत करायला लवू उठला, तेव्हा तिने त्याचा हात बाजूला केला.