विसावी पायरी

"नऊ रकाने, नऊ सह्या. आटप, मला मीटिंगला जायचंय," साहेबांनी पेनचे टोपण काढत म्हटले.

टेबलावर तिची अनुभव-नोंदवही उघडी होती. आर्किटेक्टच्या परवान्याची शेवटची परीक्षा द्यायची तर ही वही आधी सादर करावी लागे. आराखडे, परवानग्या, ग्राहकांशी बोलणी, बांधकामावरची देखरेख, अशा प्रत्येक कामाचे ठरावीक आठवडे भरलेले असणे सक्तीचे होते. तिने मात्र तीन वर्षांत एकच काम केले होते: जिने काढणे. या ऑफिसची रीतच तशी होती. एका टेबलावर जिने, दुसऱ्यावर खिडक्या, तिसऱ्यावर फरश्या. सगळे तिला जिनेवाली म्हणत आणि तीही निमूट ओ देई.

"सर, साइटवर मी एकदाही गेले नाहीये."

"इथलं कोण जातं? लिही, नेत्ररुग्णालय, देखरेख, चाळीस आठवडे. माझ्या साहेबांनी माझी वही अशीच भरली होती. काही अडलं का माझं?"

ती लिहीत गेली, ते डोळे झाकून सह्या करत गेले. वही देण्याचा उद्या शेवटचा दिवस होता. आठवडे कमी पडल्याने दोनदा परीक्षा हुकली होती, आणि बाबांनी तर "यंदा नक्की" असे साऱ्या नात्यागोत्यात सांगून टाकले होते. नववी सही झाली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने वही पर्समध्ये ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. ऐकता ऐकता साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"नेत्ररुग्णालयाचा मुकादम होता. काल जिन्यावरून कुणी तरी पडलंय म्हणे. तुझाच जिना, तूच जाऊन ये. आणि हो, तिथं काही कबूल करून बसू नकोस."

मुकादम फाटकातच उभा होता. "या ताई. ऑफिसातनं माणूस येतं, हे आज कळलं."

त्याने तिला वरच्या दालनात नेले आणि जिन्यासमोर एक स्टूल मांडले. "बसा. बोलू नका, नुसतं बघा."

रंगारी वर आला, शेवटच्या पायरीला ठेचकाळला आणि ओशाळून हसला. मागून वायरमन आला. त्याचेही तेच झाले. त्याने आपल्याच चपलेला शिवी हासडली. तिसऱ्या माणसाचा पाय अडखळला तेव्हा तिने टेप मागून घेतला. एकोणीस पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, सुतात होत्या. विसावी साडेसात इंच भरली.

कारण कळायला तिला वेळ लागला नाही. खाली आणि पायऱ्यांवर पातळ फरशी होती. वरच्या दालनात मात्र दीड इंच जास्त जाडीचा दगड बसवला होता. दगडाचा कागद पलीकडच्या, फरश्यांच्या टेबलावर निघाला होता, आणि या टेबलावरून त्या टेबलावर डोकावण्याची गरज तीन वर्षांत तिला कधी वाटली नव्हती.

"आधी का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? कागद येतो, कागदावर सही येते. विचारायला माणूस नको का?"

"पडलं कोण?"

"साफसफाईच्या मावशी. बादली घेऊन चढत होत्या. मनगट मोडलं." मुकादमाने विसाव्या पायरीकडे बोट केले. "पुढच्या महिन्यापासून इथं डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं चढणार, ताई."

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"सर, तो दीड इंच वीस पायऱ्यांत वाटून सगळ्या पायऱ्या पुन्हा बसवाव्या लागतील. आणि माझे ते चाळीस आठवडे मी खोडतेय."

"डोकं फिरलंय का तुझं? वर्ष जाईल!"

"चाळीस आठवडे मी इथं असते तर हे मला दिसलं असतं. एक तर वही खोटी, नाही तर मी आंधळी."

"असं? मग बाकीच्या रकान्यांचं काय? तिथं गप्प बसणार?"

घाव वर्मी बसला. बाबांना काय सांगायचे, हे तिला काही केल्या सुचेना.

"तेही खोडते सर. आराखड्यांचा तेवढा राहू दे, जिने खरंच मी काढलेत."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तिने वही स्टुलावर उघडली आणि पट्टी लावून, जिने काढताना मारी तशाच सरळ, आठ रेघा मारल्या.

"तीन आठवड्यांचं काम आहे," मुकादम म्हणाला.

"मी रोज येईन."

"या की. पण चपला घालून नको. बूट आणा चांगले."

मावशींचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून त्या खाटेवर बसल्या होत्या. आपण कोण, हे जिनेवालीने उभ्यानेच सांगून टाकले.

"तू काढलास तो जिना?" मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, पण मीच वेंधळी. वय झालं. सून म्हणते, आता काम सोडा, तुमचं लक्ष नसतं."

"नाही मावशी. तुमचा पाय बरोबर पडला होता. पायरी चुकली होती. माझी."

मावशी खाटेवर ताठ बसल्या. मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "ऐकलंस का गं? माझं डोकं ठिकाणावर होतं!"

सून हात पुसत दारात आली. मावशींनी दुसऱ्या हाताने उशी सरकवली आणि जिनेवालीला बसायला खाटेवर जागा केली.