दुसऱ्या बाजूच्या शेवटी गॅव्हिन

खालची बेल वाजली आणि इंटरकॉमच्या जाळीतून आवाज आला, "सेंगा, मी गॅव्हिन." सेंगाने आधी हातातली कपबशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली, आणि मग दाराची कळ दाबली. बेचाळीस वर्षांनी येणाऱ्याला पावसात चार मिनिटं उभं राहायला हरकत नव्हती.

"म्हातारी झालीस की गं," तो दारातच म्हणाला.

"आणि तू केस रंगवतोस. पाय पूस."

आत स्वयंपाकघरात टॅम बसला होता. टॅम म्हणजे 'द हाफ फेअर्स'चा ड्रमवाला. बसचं अर्धं तिकीट काढायच्या वयापासूनची ही मंडळी, म्हणून बँडचं नाव ते. गॅव्हिनला बघून टॅमने मान खाली घातली आणि चहाडी कोणी केली ते सेंगाला कळलं.

ब्याऐंशी साली गॅव्हिन या बँडचा गायक होता. ग्रीनॉक या त्यांच्या गावाहून तो लंडनला गेला तो सेंगाची एक चाल घेऊन. त्या चालीवर तो मोठा झाला. लग्नांत ती वाजते, फुटबॉलच्या मैदानावर लोक ती गातात, आणि तबकडीवर छापलेलं असतं, 'शब्द आणि संगीत: गॅव्हिन स्ट्रदर्स'. सेंगासकट मागे राहिलेल्यांनी नऊ अल्बम काढले. चर्चच्या हॉलमध्ये, पबच्या माडीवर वाजवलं. ऐकायला चाळीस माणसं, त्यातली दहा नात्यातली. सेंगाने शाळेत मुलांना जेवण वाढून दिवस काढले. सुपरमार्केटमध्ये वरून ती चाल ऐकू आली की भरलेली टोपली तिथेच टाकून ती बाहेर पडायची.

सेंगाची आई गेल्यावर खणात एक कॅसेट सापडली. एका बाजूला रविवारचं प्रवचन. दुसऱ्या बाजूला हेच स्वयंपाकघर. आई सॉसेज तळतेय, सेंगा छोट्या ऑर्गनवर ती चाल वाजवतेय, आणि वीस वर्षांचा गॅव्हिन म्हणतोय, "सेंगा, ही चाल तुला सुचली? परत वाजव ना." टेपची कळही त्यानेच दाबली होती.

आता निघणाऱ्या दहाव्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला, शेवटचं गाणं संपल्यावर, सेंगाने ते वाक्य अगदी आतल्या बंद खाचेत घालायला लावलं. सुई तिथे पोचली की गोल गोल फिरत राहते. कोणी उचलेपर्यंत वाक्य संपत नाही. कारखान्याने नमुन्याची तबकडी पाठवली होती आणि आज चारपर्यंत तिला होकार कळवायचा होता.

"ते काढून टाक," गॅव्हिन म्हणाला. "ग्लासगोला माझा शेवटचा कार्यक्रम आहे. बारा हजार माणसं. सुरुवातीला तुम्ही वाजवा."

"सेंगा," टॅम हळूच म्हणाला, "माझे गुडघे अजून वर्षभर चालतील. फार तर."

तिच्या प्रत्येक गाण्याला टॅमनेच ठेका धरला होता.

"बरं, वाजवतो आम्ही," ती म्हणाली. "तू फक्त त्या बारा हजारांना सांग, ही चाल सेंगाची. एवढंच."

"अगं, लोकांची लग्नं लागलीत त्या चालीवर! त्यांना आता काय सांगू?"

"माझ्या चालीवर लागली म्हणून सांग. तेवढ्याने कोणी घटस्फोट घेत नाही."

टॅम फिसकन हसला. गॅव्हिन नाही.

"जाता जाता मला चोर ठरवणार तू?"

"मी तोंडही उघडलेलं नाही. टेपवर बोलतोयस तूच."

"टेप बनावट आहे म्हणेन मी. आवाज काय, कोणाचाही काढता येतो हल्ली."

सेंगा उठली आणि तबकडीच्या शेवटाला सुई टेकवली. सॉसेज चरचरलं. "सेंगा, ही चाल तुला सुचली? परत वाजव ना." पुन्हा. पुन्हा. कोवळा, भारावलेला आवाज. एके काळी या आवाजासाठी ती अंगावरचा कोट विकायला तयार झाली असती. गॅव्हिनने सुईकडे हात नेला.

"हात लावू नकोस."

दहाव्या की अकराव्या वेळी टॅमने घसा साफ केला. "आवाज तुझाच आहे, गॅव्हिन. मी इथेच बसलो होतो. ते सॉसेज मीच खाल्लं. कोणी विचारलं तर मी हेच सांगणार."

"टॅम, बारा हजार माणसं!"

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून."

सेंगाने त्याच्यासमोरच कारखान्याला फोन लावला. "हो, दुसरी बाजू पसंत आहे," ती म्हणाली. "पहिल्या बाजूच्या शेवटीही तेच घाला."

"मग पुन्हा नमुना काढावा लागेल, बाई. महिना जाईल," पलीकडची मुलगी म्हणाली.

"जाऊ दे."

गॅव्हिन जिना उतरला. सेंगाने खिडकी सताड उघडली आणि अजून फिरत असलेल्या तबकडीच्या आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला ऐकू जायला हवं होतं.