मेपलचा पाक

लाल झाकण फिरेना. बर्फाने ते बाटलीच्या तोंडाशी घट्ट धरून ठेवलं होतं, आणि निशिकांत बाटली दोन्ही तळहातांत घेऊन उभा होता – नळाच्या गरम पाण्याखाली धरावी हे सुचत असूनही धरत नव्हता. झाकणावर काळ्या मार्करने, जाईच्या तिरक्या अक्षरात, तारीख लिहिलेली. सतरा मार्च. आत पांढरट, दुधी बर्फ. अशा सहा बाटल्या. स्वेटरांत गुंडाळून, एका बॅगेतले कपडे कमी करून, जाईने त्या टोरांटोहून त्याच्या बिशानच्या फ्लॅटपर्यंत आणल्या होत्या, आणि आठवडाभर फ्रीजरमध्ये दुसरं काही मावत नाही म्हणून तो हसत हसत कुरकुरलाही होता. जाई गुरुवारी परत गेली. आज शनिवार. सकाळचे सहा.

मेपलचा रस. ओळखीच्या एकांच्या अंगणात झाड आहे, असं ती म्हणाली होती. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, तेव्हाच तो झाडातून थेंब थेंब ठिबकतो... आणि उकळून उकळून चाळीस लिटरांचा एक लिटर पाक होतो. म्हणजे आपल्या सहा लिटरांची एक वाटी, बाबा, एवढीच. पण आपण दोघांनी करायची.

दोघांनी. जाड बुडाचं पातेलं त्याने गॅसवर ठेवलं. सोमवारी तिने विचारलं, आज करूया? त्याचं डोकं दुखत होतं. मंगळवारी वन-नॉर्थच्या ऑफिसातून यायला उशीर झाला – झाला, की त्याने केला? बुधवारी संध्याकाळी ती ओटा आवरून, पातेलं काढून बसली होती, आणि त्याने दारातूनच सांगितलं की चल, हौगांगला जाऊ, तुझ्या आवडीचा, नारळाच्या रसातल्या शेवयांचा लाक्सा खाऊ, शेवटची संध्याकाळ आहे. तिने पातेलं परत खाली ठेवलं. त्या ठेवण्याचा आवाज... फार मोठा नव्हता. पण ती पाठमोरीच थोडा वेळ थांबली होती.

रस वितळला तेव्हा अगदी पाण्यासारखा दिसला. चमचाभर चाखला, पाण्यालाच कुणीतरी गोड काहीतरी सांगितल्यासारखी चव. मग वाफ सुरू झाली. आधीच दमट असलेल्या हवेत ती जाणार तरी कुठे, भिंतींना घाम फुटला, खिडकीची काच पुसावी तर मागून लगेच धुरकट. समोरच्या मिसेस को कॉरिडॉरमधून जाताना जाळीच्या दारापाशी थांबल्या, मुलगी गेली का म्हणाल्या, सूप करताय का म्हणाल्या. नुसतं पाणी उकळतोय, त्याने सांगितलं, आणि त्या मान हलवून पुढे गेल्या – एकट्या माणसाच्या घरात काहीही चालत असेल, अशी.

एकटा तसा तो बारा वर्षं होताच. बायको, अश्लेषा, गेली तेव्हा जाई अकरा वर्षांची. घरात मराठी बोलणारी दोनच तोंडं उरली, आणि त्यातलं एक इंग्रजीकडे धावणारं. तो हट्टाने चुका दुरुस्त करायचा. एकदा ती मामीला फोनवर म्हणाली, ‘आपण काल झू बघायला गेलो होतो.’ त्याने फोन ठेवल्यावर समजावलं – मामी होती का आपल्याबरोबर? नव्हती ना? मग ‘आम्ही’ म्हणायचं. ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो. ती शाळेतल्या मुलांच्या ढंगात म्हणाली होती, सेम ला, बाबा. सेम नाही, तो म्हणाला होता. मुळीच सेम नाही.

साडेदहाला जाईचा फोन आला. तिथे रात्र. त्याने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पातेल्यात आता तळाशी दोन बोटं रस उरला होता, मधासारखा पिवळा, आणि वर फेस चढत होता.

“उकळल्याचा आवाज येतोय. एकट्यानेच चालू केलास?”

“हो.”

“मग थर्मामीटर बघत राहा. एकशे चारला बंद कर, लगेच. आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा करपवला.”

‘आम्ही’ बरोबर वापरलं होतं तिने. एका अक्षराचीही चूक नाही... त्याने झाऱ्याने फेस कडेला घेतला.

“आम्ही म्हणजे?”

फेस पुन्हा चढला; त्याने गॅस थोडा कमी केला.

“मी आणि सौमित्र,” ती म्हणाली. “बाबा, झाड आमचंच आहे. डिसेंबरात घर घेतलं आम्ही. मला ते तुझ्यासमोर उभं राहून सांगायचं होतं. रोज विचारत होते ना मी तुला.”

सौमित्र. व्हिडिओच्या चौकटीत कडेने येऊन दोनदा हात हलवून गेलेला, चष्मा लावणारा तरुण. त्याचं आडनावही निशिकांतने विचारलं नव्हतं – विचारलं की ते खरं होईल, म्हणून. माहीत होतं मला. सोमवारीच माहीत होतं. पाच तास एका गॅसपाशी दोघं उभे राहिलो असतो तर ती बोलली असती, म्हणून तर माझं डोकं दुखलं... डोकं दुखत नव्हतं, जाई. हे त्याने मोठ्याने म्हटलं की नाही ते त्याला कळलं नाही. पलीकडून काहीच आलं नाही, म्हणजे म्हटलं नसावं. किंवा म्हटलं असावं.

काटा एकशे तीनवरून सरकला. त्याने गॅस बंद केला. चमच्यावरून पाक ओघळताना शेवटी कडेला जाडसर पडदा धरून थांबला, मग तुटला. त्याने बोटाने चाखला. काकवी नव्हे, मध नव्हे. ओल्या लाकडाच्या मागून आलेलं गोड.

“कसा झालाय?” तिने विचारलं. तिचा आवाज अकरा वर्षांच्या मुलीसारखा जपून काढलेला होता, आणि त्याला वाटलं, ही इतकं जपून बोलायला कुणामुळे शिकली.

“झाड कुठे आहे?” तो म्हणाला. “दारासमोर की मागे?”

“मागे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.”

“आणि ऊन कुठून येतं?”

ती सांगू लागली. आधी अडखळत, मग भराभर, मध्येच इंग्रजीत घसरत – आणि तो डोळे मिटून, हातात चिकट चमचा तसाच धरून, ते घर रचू लागला. खिडकी बसवली. खिडकीबाहेर उघडं, पानं नसलेलं झाड. ओट्यापाशी ती, शेजारी चष्मेवाला. तो स्वतः त्यात कुठे आहे ते मात्र बराच वेळ सापडेना... मागच्या अंगणात असावा, बर्फात, पायात घरातल्याच सपाता. वाफेने भरलेल्या त्या स्वयंपाकघरात त्याचे पाय खरोखरच गार पडले होते, आणि ती बोलत होती, आणि त्याला ती थांबायला नको होती.